स्नो गॉगल

स्नो गॉगल हा बर्फाच्छादित प्रदेशात स्कीइंग, गिर्यारोहण आणि पदभ्रमण करताना वापरला जाणारा संरक्षक चष्मा आहे. वारा, उडणारे हिमकण आणि सूर्याचे अतिनील किरण यांपासून डोळ्यांचे रक्षण करणे हे त्याचे मुख्य कार्य होय. ढगाळ हवा, धुके, हिमवृष्टी किंवा संधिप्रकाश अशा मंद उजेडासाठी त्याची निवड विचारपूर्वक करावी लागते. कारण काचेचा गडदपणा आणि अतिनील किरण रोखण्याची क्षमता हे दोन स्वतंत्र गुणधर्म आहेत.

मंद उजेडातील अडचण

स्वच्छ उन्हात बर्फावरील उंचवटे, खड्डे आणि भेगा त्यांच्या सावल्यांमुळे ओळखता येतात. ढग दाटले की प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, सावल्या नाहीशा होतात आणि आकाश व जमीन एकसारखी पांढरी भासू लागते. त्यामुळे उताराचा अंदाज चुकतो. अशा वेळी गडद काचेतून उरलासुरला भेदही दिसत नाही. म्हणून अनेक जण गॉगल काढून ठेवतात. परंतु त्यामुळे डोळे उघडे पडतात.

अतिनील किरण आणि हिमांधत्व

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विरळ ढगांतून ९० टक्क्यांहून अधिक अतिनील किरण पार होऊ शकतात. ताजा बर्फ सुमारे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो. गवत, माती व पाणी यांच्याबाबतीत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असते. उंची दर १,००० मीटरने वाढली की या किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. त्यांच्यामुळे डोळ्याच्या पारपटलाला होणारी इजा म्हणजे हिमांधत्व. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे ही लक्षणे बहुधा काही तासांनी दिसतात. त्यामुळे इजा होत असताना ती जाणवत नाही. सामान्यतः एक-दोन दिवसांत डोळे बरे होतात. मात्र उंच शिखरावर एवढा काळ न दिसणे जीवघेणे ठरू शकते.

काचेची निवड

काच किती दृश्य प्रकाश आत सोडते, त्यावरून तिचे पाच वर्ग पडतात :

• वर्ग ० : ८० ते १०० टक्के, रात्र व अतिमंद उजेड
• वर्ग १ : ४३ ते ८० टक्के; धुके, हिमवृष्टी, दाट ढग
• वर्ग २ : १८ ते ४३ टक्के, अंशतः ढगाळ हवा
• वर्ग ३ : ८ ते १८ टक्के, स्वच्छ ऊन
• वर्ग ४ : ३ ते ८ टक्के, हिमनदी व अतिउंच शिखरे

मंद उजेडासाठी वर्ग १ ची पिवळी किंवा गुलाबी छटेची काच सामान्यतः निवडतात. अशा छटेमुळे निळसर प्रकाश कमी होऊन बर्फाचा पोत अधिक उठून दिसतो, असा अनेकांचा अनुभव आहे. वर्ग कोणताही असला, तरी अतिनील संरक्षणाचा स्वतंत्र उल्लेख पाहणे आवश्यक असते. उजेडानुसार रंग बदलणारी काच कडाक्याच्या थंडीत पुन्हा फिकट होण्यास अधिक वेळ घेते.

बाष्प साचणे

श्वास व घामातील बाष्प थंड काचेवर साचते. मध्ये हवेची पोकळी असलेली दुहेरी काच आणि चौकटीतील वायुछिद्रे यांमुळे ते कमी होते. गॉगल कपाळावर सरकवून ठेवल्यास त्यात घामाचे बाष्प शिरते. आतील बाजू जोराने पुसल्यास तिच्यावरील बाष्परोधक लेप निघून जातो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नसल्याने येथील गिर्यारोहकांचा स्नो गॉगलशी परिचय प्रायः उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंग येथील प्रशिक्षणात होतो. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या विदर्भातील जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. तेथील प्रखर उन्हात गडद काच सोयीची वाटते. हिमालयातील ढगाळ दिवशी तीच अडचणीची ठरते. मे २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ उपक्रमांतर्गत चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले. एव्हरेस्टवरील अंतिम चढाई बहुधा रात्री सुरू होते आणि सूर्योदयानंतरही चालू राहते. त्यामुळे अशा मोहिमांत रात्रीच्या वाऱ्यासाठी वर्ग ० ची पारदर्शक आणि दिवसासाठी वर्ग ४ ची गडद अशा दोन्ही काचा जवळ बाळगाव्या लागतात.