हायवेवर बाइक चालवताना छातीत धडधडते? नव्या चालकांसाठी डॉक्टरांचा सल्ला

काही महिन्यांपूर्वी एक २३ वर्षांचा तरुण दवाखान्यात आला. तक्रार एकच, छातीत धडधड. नाडी, रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, सगळे व्यवस्थित. मग विचारले, "हे नेमके कधी होते?" थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "डॉक्टर, गावात गाडी चालवताना काहीच होत नाही. हायवेला लागलो की सुरू होतं. शेजारून ट्रक गेला की हात थरथरतात, बोटांना मुंग्या येतात."

त्याला चाकणच्या एका कंपनीत नुकतीच नोकरी लागली होती. मंचरहून रोज पुणे-नाशिक महामार्गाने जायचे, तेही नव्या मोटरसायकलवर. लाज वाटते म्हणून घरी सांगितले नव्हते. त्यातली काळजीची गोष्ट शेवटी बाहेर आली. एका मित्राने त्याला 'टेन्शनची गोळी' दिली होती आणि ती घेऊन तो दोन दिवस कामावर गेला होता.

अशी भीती वाटणारे अनेकजण असतात, पण ते डॉक्टरांकडे जात नाहीत. म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

ही भीती म्हणजे आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. धोका जाणवला की मेंदू अॅड्रेनालिन हे संप्रेरक रक्तात सोडायला लावतो. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, श्वास जलद होतो आणि नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते. वाघ समोर आला तर पळायला किंवा लढायला ही तयारी उपयोगी पडते. मोटरसायकलवर मात्र हीच तयारी आड येते.

ताठ झालेले हात हँडल घट्ट आवळतात. मग वाऱ्याचा प्रत्येक धक्का तुमच्या खांद्यांतून थेट हँडलमध्ये उतरतो आणि गाडी डुगडुगते. गाडी डुगडुगली की भीती वाढते, पकड आणखी घट्ट होते. दुसरीकडे, उथळ आणि जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके वाटते. चालकाला वाटते, आता चक्कर येणार. हे चक्र तोडणे म्हणजेच आत्मविश्वास वाढवणे.

मी स्वतः गियरची गाडी चाळिशीत शिकलो. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारून एसटी गेली आणि मी हँडल इतके आवळले, की पुढचे दोन दिवस मनगटे आणि खांदे दुखत होते. त्यामुळे रुग्णाला 'घाबरू नकोस' एवढेच सांगून काही उपयोग नसतो, हे मला माहीत आहे.

वेग वाढला की नेमके काय बदलते?

भीती पूर्णपणे खोटी नसते, हेही मान्य करायला हवे. ताशी ४० किलोमीटर वेगाने तुम्ही दर सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाता, ताशी ८० वेगाने सुमारे २२ मीटर. समोर काहीतरी दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ८०च्या वेगात ब्रेक लागण्याआधीच तुम्ही ३३ मीटर पुढे गेलेले असता.

वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. त्यामुळे ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतरही साधारण चौपट होते. रस्ता ओला असेल किंवा टायर झिजलेले असतील तर त्याहून जास्त. म्हणून आत्मविश्वास म्हणजे 'काही होत नाही' असे मानणे नव्हे. आपल्याला दिसते तेवढ्या अंतरात आपण थांबू शकतो, ही खात्री म्हणजे आत्मविश्वास.

गोळी घेऊन भीती जाईल का?

स्वतःच्या मनाने गोळी घेऊन गाडी चालवू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी भीती कमी वाटते, पण झोप येते आणि प्रतिसाद मंदावतो. वरचा दीड सेकंदाचा हिशेब आठवा. त्यात अर्ध्या सेकंदाची भर पडली तरी ८०च्या वेगात ११ मीटर वाढतात. शिवाय अशा गोळ्यांची सवय लागू शकते.

सर्दीच्या, अॅलर्जीच्या काही गोळ्या आणि काही खोकल्याची औषधे यांनीही गुंगी येते. औषध घेताना 'यानंतर गाडी चालवू का?' हे डॉक्टरांना जरूर विचारा. दारूबद्दल वेगळे सांगायला नको. 'एक पेग घेतला की हात थरथरत नाहीत' असे म्हणणारे रुग्णही मी पाहिले आहेत. थरथर थांबलेली नसते, ती जाणवेनाशी होते एवढेच.

सराव कसा करावा?

भीतीवरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे पायरीपायरीने सराव. एका पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबा, मगच पुढची चढा.

१. मोकळे मैदान: आधी ब्रेक शिका. 'पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते' या समजुतीमुळे अनेकजण फक्त मागचा ब्रेक वापरतात. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्याने नव्हे, दाब वाढवत लावायचा आणि मागचाही सोबत. हँडल सरळ असताना ताशी २० ते ३० वेगाने २०-२५ वेळा सराव करा.

२. ओळखीचा छोटा टप्पा: सुट्टीच्या दिवशी, उजाडल्यानंतर, कोरड्या रस्त्यावर महामार्गाचा ५-७ किलोमीटरचा टप्पा निवडा. वेग ४५ ते ५०, डावी बाजू. त्याच टप्प्यावर चार-पाच फेऱ्या करा.

३. त्याच टप्प्यावर वेग वाढवा: दरवेळी पाच-पाचने. फलकावरची मर्यादा ही कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे.

४. गर्दीची वेळ: आता तोच रस्ता ट्रक आणि बस असताना.

५. सर्वांत शेवटी: रात्र, पाऊस, घाट आणि मागे बसलेली व्यक्ती. यातील दोन गोष्टी एकाच दिवशी पहिल्यांदा करू नका.

लक्षात ठेवा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे.

मध्येच फार घाबरायला झाले तर? हात थरथरत असताना रेटून पुढे जाऊ नका, पण महामार्गाच्या कडेलाही थांबू नका. वेग हळूहळू कमी करून पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात थांबा. हेल्मेट काढा, पाणी प्या, दहा-पंधरा मिनिटे बसा. शांत वाटल्यावर ठरवलेला टप्पा पूर्ण करून मगच घरी जा. दरवेळी भीती ऐन भरात असताना माघारी फिरलात, तर 'सुटलो बाबा' एवढेच मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी भीती वाढते.

गाडीवर असताना काय करावे?

- गुडघ्यांनी टाकी हलकेच धरा. शरीर तिथे स्थिर करा, हँडलवर नव्हे. कोपर किंचित वाकलेले आणि सैल असू द्या.
- नजर दूर ठेवा. खड्ड्याकडे टक लावून पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते. जिथे जायचे आहे तिथे पाहा.
- श्वास मोजा. चार अंक मोजत नाकाने आत, सहा अंक मोजत बाहेर. किंवा दिसेल ते मोठ्याने बोला: "पुढे ट्रक, डावीकडे फाटा." बोलताना श्वास रोखून धरता येत नाही आणि लक्षही रस्त्यावर राहते.
- पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवा. ती गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर अंतर कमी आहे.
- ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका. त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. ट्रकच्या आडोशातून पुढे निघताना वाऱ्याचा झोत बसतो. तो येणार हे धरून चाला, हात सैल ठेवा, अचानक ब्रेक मारू नका.

हेल्मेट आणि शरीराची तयारी

संशोधनांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण ते आयएसआय चिन्हाचे, मापाचे आणि पट्टा लावलेले हवे. सैल हेल्मेट वेगात वर उचलले जाते, त्यानेही अस्वस्थता वाढते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जाड जाकीट आणि घोटा झाकणारे बूट वापरा.

अपुरी झोप, रिकामे पोट आणि पाण्याची कमतरता यांनी धडधड वाढते. रात्रपाळी करून लगेच लांबचा प्रवास टाळा. चष्मा लागला असेल तर तो घालूनच गाडी चालवा. पन्नास-साठ मिनिटांनी थांबून हातपाय मोकळे करा.

डॉक्टरांना कधी भेटावे?

- गाडीवर नसतानाही धडधड, छातीत दुखणे किंवा दम लागणे होत असेल
- चक्कर, भोवळ किंवा शुद्ध हरपण्याचा प्रकार घडला असेल
- पूर्वी फिट आली असेल
- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील
- अपघातानंतर तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, झोप उडाली असेल
- भीतीमुळे काम किंवा बाहेर जाणेच बंद झाले असेल

पहिल्या तीन बाबतींत तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. शेवटच्या दोन बाबतींत मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची चांगली मदत होते. त्यात कमीपणा नाही. आणि रस्त्यावर कुणाचा अपघात झालेला दिसला तर १०८ किंवा ११२ला फोन करा. जखमींना मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

त्या तरुणाला मी औषध दिले नाही. गोळ्या बंद करायला सांगितले, वरचा सराव लिहून दिला आणि महिनाभर कंपनीच्या बसने जायला सांगितले. तीन रविवार त्याचा मामा दुसऱ्या गाडीवर त्याच्या मागे होता. सहा आठवड्यांनी तो पुन्हा आला, यावेळी आईचा रक्तदाब दाखवायला. सहज विचारले, "हायवेचं काय?" तो म्हणाला, "भीती अजून वाटते डॉक्टर, पण हात सैल असतात."

मला तेवढे पुरेसे वाटले. थोडी भीती राहिलेलीच बरी. ती पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला लावते.