डिस्क भरेल म्हणून

१९९१ साली अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनला भौतिकशास्त्रज्ञ जमले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले स्पेंटा वाडिया यांना तिथे एक अगदी घरगुती चिंता लागली होती: आपण प्रवासात असताना सहकाऱ्यांनी ईमेलने शोधनिबंध धाडणं चालूच ठेवलं, तर संगणकावरची आपल्या वाटणीची जागा भरून जायची! ते ऐकून भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांना सुचलं, की घरोघरी कशाला धाडायचं? एका ठिकाणी ठेवू, ज्याला हवं त्याने उचलावं. ऑगस्टमध्ये लॉस अलामॉसच्या एका संगणकावर ही सोय सुरू झाली. वर्षाकाठी शंभरेक निबंध येतील, असा त्यांचा अंदाज होता. हेच पुढचं ‘अर्काइव्ह’.

लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली तीही त्याच ऑगस्टमध्ये. हा योगायोग, पण गिन्स्पार्ग यांची युक्ती चालली ती मात्र मुक्त सॉफ्टवेअरच्या जोरावर. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अवघड समीकरणंही साध्या अक्षरांत लिहिता येत, ती ईमेलमधून सुखरूप जात. टेक फुकट असल्याने मुंबईतही निबंध प्रिन्स्टनसारखाच छापून निघे. एरवी छपाईपूर्व प्रती टपालाने यायच्या, त्याही बड्या संस्थांना आधी.

१४ फेब्रुवारी २००२ला संशोधन सर्वांना खुलं हवं असं सांगणारा बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला आणि निबंध खुले ठेवण्याच्या या सवयीला ‘ओपन अ‍ॅक्सेस’ हे नाव रुळलं. माझ्या मते खरं काम केलं ते आपापल्या संस्थांची निबंध-भांडारं उभारणाऱ्या ग्रंथपालांनी. साउदॅम्प्टनचं ‘ईप्रिंट्स’, एमआयटी आणि एचपीचं ‘डीस्पेस’ ही त्यासाठीची सॉफ्टवेअरं कुणालाही उतरवून घेता येत होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२मध्येच ईप्रिंट्सवर भांडार उभारलं. गोव्यात दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेने डीस्पेस घेतलं. देशभरचे पीएचडीचे प्रबंध ठेवणारी ‘शोधगंगा’ही डीस्पेसवरच चालते. परवान्यापोटी एक पैसा न देता!

पैसा मागच्या दाराने आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ऑनलाइन वाचकाकडूनही पैसे घेत नसे आणि लेखकाकडूनही. ते ज्या ‘मेडनो’मार्फत निघे ती मुंबईचीच कंपनी २०११मध्ये वोल्टर्स क्लूवरने विकत घेतली. मोठ्या प्रकाशकांनी खुलेपणाचाच दर ठरवला: ‘नेचर’ने २०२१मध्ये एका खुल्या निबंधासाठी लेखकाकडून ९,५०० युरो मागितले. एवढ्यात आपल्याकडे एखाद्या संशोधक विद्यार्थ्याची दोन वर्षांची शिष्यवृत्ती निघते.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने संशोधन नियतकालिकांची वर्गणी एकत्र भरण्याची ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी संस्थांतल्या मुलांची मोठी सोय झाली, हे खरंच. पण कुलूप प्रकाशकाचंच राहिलं, आपण किल्ली तेवढी भाड्याने घेतली. विनाअनुदानित कॉलेजातला प्राध्यापक या योजनेत नाही. तो रात्री अर्काइव्ह उघडतो, नाहीतर शोधगंगा.