काशीगाव मेट्रोजवळ गाळा घेताय? आधी गर्दीचं गणित बघा

"स्टेशनजवळ गाळा मिळतोय, डिपॉझिट देऊ का?" हा प्रश्न मिरा-भाईंदरमधून सारखा येतो. म्हणून आज प्रवाशांचा अंदाज कसा काढतात ते बघू.

प्लॅनिंगवाले घरोघरी सर्व्हे करतात, रस्त्यावर गाड्या मोजतात आणि चार गोष्टी शोधतात: कुठल्या भागातून किती लोक निघतात, कुठे जातात, कशाने जातात आणि नेमक्या कुठल्या मार्गाने.

आपल्या कामाची चौथी गोष्ट. मेट्रो ९ चा पहिला टप्पा दहिसर पूर्व ते काशीगाव. मध्ये पांडुरंगवाडी आणि मिरागाव. म्हणजे या टप्प्यात काशीगाव हे शेवटचं स्टेशन. भाईंदरकडे राहणारा माणूसही इथेच उतरून रिक्षा किंवा बस धरणार. पण मेट्रो सुभाषचंद्र बोस मैदानापर्यंत धावायला लागली की तोच माणूस तुमच्या दुकानाच्या डोक्यावरून निघून जाईल! शेवटच्या स्टेशनची गर्दी बघून पाच वर्षांचं भाडं कबूल करणं मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा एक कामाचा दिवस आणि एक रविवार, संध्याकाळी ६ ते ९ जिन्याजवळ उभे राहा. पायी घरी जाणारे वेगळे मोजा, रिक्षाच्या रांगेतले वेगळे. समजा तुमच्या बाजूला ४०० जण पायी वळले. शंभरातले ३ दुकानात आले आणि सरासरी ८० रुपयांची खरेदी केली, तर रोजचे ९६० रुपये, महिन्याला २८,८००. ही विक्री आहे हं, नफा नाही. भाडं यावर ठरवा. रांगेतल्यांना वडापाव, पाण्याची बाटली विकता येईल; पण पाच किलो तांदूळ घेऊन शेअर रिक्षात कोण चढणार?

आणि मालकाला लॉक-इन किती महिन्यांचं, ते टोकन देण्याआधी विचारा.