पुढे झुकलेले पंख

14 डिसेंबर 1984. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर ग्रुमन कंपनीचा चाचणी वैमानिक चक सीवेल एका विमानात चढला. 'एक्स-29' नावाच्या त्या विमानाचे पंख कुणी चुकून उलटे बसवलेत की काय, असं वाटावं. टोकं शेपटीकडे न जाता नाकाकडे वळलेली!

ही हौस जुनीच. जर्मनीत 1944 मध्येच युंकर्सचं 'जू 287' अशा पंखांवर उडालं होतं. नाक उंच असतानाही टोकांजवळची हवा या पंखांना धरून राहते आणि विमान वैमानिकाच्या ताब्यात राहतं. लढाऊ विमानाला आणखी काय हवं? पण खोड जीवघेणी. उचल मिळाली की पंख वर वाकतो, वाकताना टोकाची पुढची कड वर पिळली जाते, त्याने उचल वाढते, की पुन्हा वाकणं आणि पुन्हा पीळ. एका वेगापुढे हे थांबतच नाही, पंख मोडतो. धातू जाड करून तो वाचवता येतो, पण मग वजन सगळा फायदा गिळून टाकतं.

इथे अडलेलं गाडं हलवलं नॉरिस क्रोन या अमेरिकी हवाई दलातल्या अधिकाऱ्याने. 1970 च्या दशकात ते मेरीलँड विद्यापीठात संशोधन करत होते. कार्बन तंतूंचं तेव्हा कौतुक होतं ते मुख्यतः हलकेपणासाठी. क्रोन यांनी भलताच प्रश्न घेतला: पंख वाकणारच असेल, तर वाकताना त्याने कुठे पिळावं हे आपणच ठरवलं तर? धातूचा पत्रा सगळीकडून जवळपास सारखाच ताठ. तंतूंना मात्र दिशा असते. कापड धाग्याच्या रेषेत ओढलं तर फारसं हलत नाही, तिरपं ओढलं की लगेच वाकडं होतं, तसंच. थर नेमक्या कोनात तिरपे रचले, तर वर वाकणाऱ्या पंखाची पुढची कड खाली दबू पाहते. दुष्टचक्र तिथेच तुटतं. 1975 मध्ये त्यांनी हे गणित मांडलं.

कागदावरून विमानावर येणं मात्र वेगळं दुखणं होतं. 1981 च्या डिसेंबरात ग्रुमनला काम मिळालं. खर्च वाचवायला जुन्या एफ-5ए चा पुढचा सांगाडा घेतला, चाकं एफ-16 ची. पंखाचं आवरण कार्बनचं, सर्वांत जाड जागी 156 थर; आतला सांगाडा टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचा. अशा जोडकामात खाचखळगे फार. बोल्टच्या भोकापाशी धातू थोडा दबून भार वाटून घेतो, कार्बन तसा दबत नाही. कार्बनला थेट टेकलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यात गंजतं. त्यात हे विमान मुद्दाम इतकं अस्थिर ठेवलेलं, की संगणक सेकंदाला 40 वेळा त्याला सावरत असे.

वर्षभरात, 13 डिसेंबर 1985 ला, त्याने सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला. पुढे झुकलेल्या पंखांच्या विमानाने हे प्रथमच केलं होतं.

अमेरिकी हवाई दलाने असं लढाऊ विमान पुढे कधी घेतलं नाही. हवेचा अडथळा आशा होती तितका घटलाच नाही. पण क्रोन यांचं गणित खरं ठरलं. शेकडो उड्डाणं झाली, पंख एकदाही मोडला नाही.