विनिमय अभिनती

विनिमय अभिनती (एक्स्चेंज बायस) हा लोहचुंबकीय आणि प्रतिलोहचुंबकीय थरांच्या सीमापृष्ठावर उद्भवणारा चुंबकीय परिणाम आहे. एरवी लोहचुंबकाचा मंदायन वक्र शून्य क्षेत्राभोवती सममित असतो; या परिणामामुळे तो एका बाजूस सरकतो.

१९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत मिकलजॉन आणि बीन यांना कोबाल्ट ऑक्साइडाचे आवरण असलेल्या कोबाल्टच्या सूक्ष्म कणांत तो प्रथम आढळला.

असा नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवून प्रतिलोहचुंबकाच्या नेल तापमानाखाली थंड केल्यास सीमेवरील काही परिवलने (स्पिन) विशिष्ट दिशेत स्थिरावतात. नंतर क्षेत्र उलटवले तरी ती वळत नाहीत आणि लोहचुंबकाला मूळ दिशेकडे ओढतात. परिणाम सीमेपुरता असल्याने लोहचुंबकीय थर जाड होईल तसे वक्राचे सरकणे कमी होते. सीमापृष्ठ आदर्श मानून काढलेले मूल्य प्रत्यक्षाच्या सुमारे शंभरपट येते. खडबडीतपणा आणि चुंबकीय प्रक्षेत्रे ही या तफावतीची कारणे मानली जातात.

हार्ड डिस्कच्या वाचनशीर्षातील स्पिन व्हॉल्व्हमध्ये एका थराचे चुंबकन याच परिणामाने स्थिर ठेवतात. दुसरा थर डिस्कवरील क्षेत्रानुसार वळतो आणि दोहोंमधील कोनानुसार विद्युत रोध बदलतो. स्थिर थराविना हा बदल मोजण्यास संदर्भदिशाच उरणार नाही.