पिसदुऱ्याचा डायनासोर, भोसरीचा वर्ग

चार वर्षांचं जे मूल ‘ट्रक’ला अजून ‘टक’ म्हणतं, तेच मूल ‘टायरॅनोसॉरस रेक्स’ न अडखळता म्हणतं. घराघरांत दिसणारा हा चमत्कार आहे. त्याच मुलाला विचारा, हे डायनासोर कुठे राहायचे? बहुतेक वेळा उत्तर येतं, अमेरिकेत. किंवा सरळ, मोबाईलमध्ये. दोन्ही उत्तरांना मूल जबाबदार नाही. निगडी-प्राधिकरणापासून वाकड-रावेतपर्यंतच्या पूर्वप्राथमिक शाळांत डायनासोर येतो तो ‘थीम डे’ला. हिरवे कपडे, कागदी मुखवटा, केकवर प्लॅस्टिकचा टी-रेक्स, पालकांच्या ग्रुपवर चाळीस फोटो. दुसऱ्या दिवशी थीम बदलते आणि डायनासोरच्या जागी आंबा येतो.

मुलांचं डायनासोरवेड ही शिक्षकाला आयती मिळालेली देणगी आहे. मोजणी, चित्र, गोष्ट, माती, नकाशा, नाटक हे सगळं त्या एका वेडात ओवता येतं. आपल्याकडे मात्र ते ओवण्याऐवजी चिकटवलं जातं. डायनासोरच्या आकाराच्या कागदावर बेरजा छापल्या म्हणजे गणित आणि डायनासोर एकत्र शिकवले, असा समज पसरला आहे. त्या कागदावर डायनासोरऐवजी हत्ती छापला तरी काही बिघडणार नाही. बिघडत नसेल तर तो उपक्रम डायनासोरचा नाही, ही माझी साधी कसोटी.

विषयांच्या भिंती पाडून शिकवण्याची कल्पना नव्या शैक्षणिक धोरणाने आणली, असं हल्लीच्या कार्यशाळांत ऐकू येतं. 2020 च्या धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आखला आणि 2022 मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला, हे खरं. पण ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे 1957 मध्ये त्या अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य होतं. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय उभं केलं तेही अनुभवातून शिकण्यावरच. आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्याचं एक नाव तर हक्काने घ्यायला हवं. आयआयटी कानपूरहून निघालेले अरविंद गुप्ता टेल्कोच्या पुणे प्रकल्पात ट्रक बनवत होते. 1978 मध्ये ते रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले आणि टाकाऊतून खेळणी करण्यात रमले. पुढे आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती खेळणी जगभर पोचली. कारखान्यातल्या माणसाला लहान मुलांचं शिक्षण कळत नाही, असं निदान या गावात तरी कुणी म्हणू नये.

तर, डायनासोर इथे कुठून सुरू करायचा? पायाखालून. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव सगळं दख्खनच्या काळ्या पाषाणावर उभं आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले. त्यांनी आज उरलेलं सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलं आणि सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर गेली. हा काळ डायनासोरांच्या अंताचा. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर अशनी आदळला तोही याच सुमारास. अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. 2019 मध्ये ‘सायन्स’ या एकाच नियतकालिकात लाव्ह्याच्या कालगणनेचे दोन अभ्यास आले आणि दोघांनी उद्रेकांचं वेळापत्रक वेगवेगळं मांडलं. सात-आठ वर्षांच्या मुलांना हा वाद जरूर सांगावा. मोठी माणसंही भांडतात आणि पुरावे आणून भांडतात, याचं त्यांना फार अप्रूप वाटतं.

मोशी, चऱ्होली, रावेत, कुठेही बघा, बांधकामासाठी खडीचे ढीग पडलेले आहेत. त्यातले मूठभर तुकडे वर्गात आणावेत. धुवावेत, वजन करावं, लहान-मोठे लावावेत, भिंगातून पाहावेत. एखाद्या तुकड्याच्या पोकळीत पांढरे चमकदार स्फटिक सापडतात. ती झिओलाइटची खनिजं, पुण्याचा परिसर त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. मुलाच्या हातात तेव्हा डायनासोरच्या शेवटच्या दिवसांतला दगड असतो, खराखुरा, आणि फुकट. या दगडात हाडं मात्र सापडायची नाहीत, कारण तापलेल्या रसात हाडं टिकत नाहीत. ती टिकतात तळ्या-नद्यांच्या गाळात. म्हणून पुढचा प्रवास पूर्वेकडे.

आपल्या मुलांना ज्या गावाचं नाव पाठ हवं, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या भागातले जीवाश्म गोळा केले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पिसदुऱ्याला हाडांबरोबर सापडते ती डायनासोरची अश्मीभूत विष्ठा. हे वाक्य बालवर्गात उच्चारा आणि पुढची पाच मिनिटं हसण्यासाठी राखून ठेवा. हसून झालं की खरी गोष्ट सांगा. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आदी शास्त्रज्ञांनी ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि 2005 मध्ये जाहीर केलं की तीत गवताचे सिलिकाचे कण आहेत. तोवर गवत डायनासोरांच्या नंतर पसरलं, असं मानलं जाई. 2011 मध्ये त्याच मालिकेतल्या पुढच्या अभ्यासात भाताच्या कुळातल्या गवताचेही कण ओळखले गेले.

आता मुलांचा डबा उघडा. भात आहे? मावळातला इंद्रायणी असेल तर उत्तमच. भाताचं कूळ डायनासोरच्या पोटात गेलं होतं, हे ऐकलेलं मूल घरी जाऊन आजीला सांगितल्याशिवाय राहणार नाही. इथून परिसर अभ्यासाचा, भाषेचा आणि आरोग्याचा धागा आपोआप निघतो. कोण काय खातं, त्याच्या विष्ठेतून काय कळतं? बकरीची लेंडी, गाईचं शेण, चिमणीची शीट ही मुलांच्या रोजच्या पाहण्यातली. ओली माती आणि बारीक कापलेलं गवत मिसळून ‘पिसदुऱ्याचे गोळे’ करावेत, उन्हात वाळवावेत, दुसऱ्या गटाने ते फोडून आत काय काय मिळालं ते चित्रात नोंदवावं. शोधणं, नोंदवणं आणि अंदाज बांधणं ही तिन्ही कामं तासाभरात होतात आणि खर्च शून्य.

पिसदुऱ्याजवळच डोंगरगाव आहे. तिथे सापडलेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचं वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलं. 2003 मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळालं ते इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेने डायनासोर उकरावेत ही संस्थापक महालनोबिसांची कृपा. त्याच संस्थेच्या चमूने प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात 1960 च्या आसपास आणखी प्राचीन, ज्युरासिक काळातला बारापासॉरस शोधला होता. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराचा शोध, म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. सांगाडा कोलकात्याला संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. लांबी सुमारे 14 मीटर, मांडीचं हाड सुमारे 1.7 मीटर.

ही मापं जमिनीवर आली पाहिजेत. 14 मीटरची सुतळी घेऊन पटांगणात डायनासोर आखावा. चाकणच्या रस्त्यांवर रोज दिसणारा 40 फुटी कंटेनर त्याच्यापेक्षा जवळपास दोन मीटरने आखूडच भरतो. मग मांडीचं हाड खडूने काढायचं आणि त्याच्या शेजारी बाईंना आडवं झोपवायचं. बहुतेक बाई हाडापेक्षा आखूड निघतात आणि वर्ग दणाणून जातो. मोजपट्टी अजून कळत नसेल तर पावलांनी मोजावं, वितींनी मोजावं. आणि एक मजा. बारापासॉरसची शेकडो हाडं मिळाली, पण कवटी मिळाली नाही, सापडले ते काही दात, चमच्यासारखे. तेव्हा मुलांना कागदावर मान आखून द्यायची आणि सांगायचं, डोकं तुम्ही काढा. अट एकच, दात चमच्यासारखे हवेत आणि असे दात असलेला प्राणी काय खाईल ते सांगायला हवं. छापील चित्र रंगवण्यापेक्षा हे कितीतरी सरस, कारण इथे मुलाची कल्पना पुराव्याला बांधलेली आहे.

काळाचं माप त्याहून अवघड. ‘कोटी’ म्हणजे काय, हे आपल्यालाही नीट कळत नाही. त्यासाठी शाळेचा व्हरांडा वापरावा. 1 सेंटिमीटर म्हणजे 10 लाख वर्षं धरली तर भिंतीजवळच्या ‘आज’च्या खुणेपासून 66 सेंटिमीटरवर डायनासोर संपले, साधारण 2 मीटर 30 सेंटिमीटरवर ते सुरू झाले, आणि पृथ्वीचा जन्म तब्बल 45 मीटर दूर, बहुधा फाटकाबाहेर. माणूस शेवटच्या 3 मिलिमीटरमध्ये. शिवाजी महाराजांचा काळ केसाच्या जाडीच्याही आत मावतो. पहिली-दुसरीच्या मुलांना आकडे विसरू द्यावेत, पण चालत गेलेलं अंतर ती विसरत नाहीत.

आता या पट्ट्याच्या खास भांडवलाकडे येतो. भोसरी एमआयडीसीत किती तरी मुलांचे वडील फाउंड्रीत आहेत. पॅटर्न वाळूत दाबायचा, काढायचा, उरलेल्या पोकळीत रस ओतायचा, थंड झाल्यावर साचा फोडायचा. निसर्गानेही काही जीवाश्म याच रीतीने घडवले. चिखलात पाऊल उमटलं, पोकळीत दुसरा गाळ भरला, तो दगड झाला. अंड्याच्या कवचात गाळ शिरला आणि घट्ट झाला, तेही तसंच ओतकाम. हाडांचं थोडं वेगळं असतं, त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्यातली खनिजं साचत जातात. संग्रहालयात दिसणाऱ्या हाडांपैकी पुष्कळ तर माणसाने केलेल्या प्रतिकृतीच असतात, अक्षरशः साच्यातून काढलेल्या. अशा वेळी वर्गात यायचा तज्ज्ञ पुण्याहून कशाला बोलवायचा? सेकंड शिफ्टला जाणाऱ्या एखाद्या मोल्डरला सकाळी अर्धा तास बोलवा. मुलाच्या डोळ्यांत बापाच्या कामाची किंमत वाढलेली दिसेल, हा फायदा कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो.

मात्र वापरलेली फाउंड्रीची वाळू मुलांच्या हाती देऊ नये. तिच्या बारीक धुळीत सिलिका असते, रसायनं असतात. साधी धुतलेली वाळू ओली करून पुरते. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं, त्यात मुलाचा हात बुडवून ठसा घेणं धोक्याचं. शाडू घ्या. गणपतीनंतर उरलेली शाडू बऱ्याच शाळांत पडूनच असते. भंगारातलं काही घ्यायचं तर खोक्यांचा पुठ्ठा घ्यावा. तेलकट, धारदार धातूचा कीस वर्गाच्या आसपासही नको.

अंड्यांचं सांगायचं तर ती शेजारच्या राज्यात. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षी परिसरात 92 घरट्यांत 256 अंडी सापडल्याचं दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलं. अंडी मोठ्या मोसंब्याहून बरीच मोठी, साधारण 15 सेंटिमीटर व्यासाची. शाडूचे तेवढे गोळे करून घरट्यात वाटणं हा भागाकाराचा पहिला पाठ. नाटकासाठी गुजरातची घटना घ्यावी. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना धोली डुंगरीला असा खडक मिळाला, ज्यात साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू. 2010 मध्ये त्या सापाला सनाजेह नाव मिळालं. पिल्लू वाचलं का? साप का मेला? शेवट मुलांनी रचावा, खरा शेवट मागाहून सांगावा. दोघंही बहुधा एकदम वाहून आलेल्या गाळाखाली गाडले गेले.

भूगोलासाठी भिंतीवर भारताचा नकाशा लावा. भोसरी, चिखली, चाकणच्या वर्गांत मराठवाडा-विदर्भाची मुलं आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची आहेत, ओडिशाची आहेत. प्रत्येकाने आपलं गाव टोचावं, मग डायनासोरची गावं टोचावीत. जबलपूर, जिथे 1828 मध्ये ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमनला आशियातली पहिली नोंदलेली डायनासोरची हाडं मिळाली. बालासिनोर, चंद्रपूर, सिरोंचा. एखाद्या मुलाचं गाव त्या खुणेजवळ निघालं तर एरवी बोलीमुळे गप्प बसणारं ते मूल त्या दिवशी वर्गाचा पाहुणा होतं.

चिंचवडचं सायन्स पार्क 2013 पासून सुरू आहे आणि तिथलं वाहनांचं दालन मुलांना आवडतं. सहल तिथे न्यावीच. पण कोंबडी पाहायला सायन्स पार्क लागत नाही. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आहेत. ओल्या मातीवर कोंबडी चालवा, तीन बोटांचे ठसे पाहा, अंतर मोजा, ती पळाली की अंतर वाढतं का ते पाहा. पावलांच्या ठशांवरून डायनासोरची चाल काढणारे शास्त्रज्ञ हेच करतात.

आणि दिवाळीत किल्ल्याची माती आणलेलीच असते. यंदा एका बाजूला किल्ला आणि दुसऱ्या बाजूला पिसदुऱ्याचं तळं करावं. हळीव पेरले की हिरवळ चार दिवसांत उगवते. बाजारातले प्लॅस्टिकचे टी-रेक्स त्यात उभे करू नयेत, ते प्राणी इथले नाहीत. मुलांनी घडवलेला मातीचा इसिसॉरस ठेवावा, मान थोडी वाकडी झाली तरी चालेल. वैशाली श्रॉफ यांचं ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ पद्मा अँड अ ब्लू डायनासोर’ हे 2018 चं पुस्तक भारतीय डायनासोरांवर आहे. वाचून दाखवायला सोपं आहे, पण इंग्रजीत. पिसदुरा-सिरोंच्यावर मराठीतही लहान मुलांसाठी चित्रमय पुस्तकं भरपूर यायला हवीत.

शेवटी एक विनंती भोसरी, तळवडे आणि चाकणच्या कारखानदारांना. शाळेला बाक, पंखे, संगणक आपण देताच. या वर्षी सामाजिक दायित्वाच्या निधीतून बारापासॉरसच्या मांडीच्या हाडाची पूर्ण आकाराची प्रतिकृती करून द्या. मापं कोलकात्याच्या संस्थेकडून मिळवता येतील. पॅटर्न करणारे, साचे करणारे, ओतणारे हात तुमच्याच शॉपमध्ये आहेत. महापालिकेच्या एका शाळेला एक आणि चाकणजवळच्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेला एक, एवढ्याने सुरुवात होईल. हाड काचेच्या पेटीत ठेवू नका, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवा.