सकाळी लंगडणारे मूल कामचुकार नसते

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातली तिसरीची एक मुलगी रोज उशिरा यायची. आम्ही तिला रागावलो. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी आली. म्हणाली, "सर, फजरला उठवलं तर हिचा पाय सरळ होत नाही. नमाजला गुडघे मोडून बसता येत नाही. दुपारी मात्र खेळते. नाटक करते की काय, समजत नाही."

ते नाटक नव्हते. गुडघा सुजला होता आणि तपासणीअंती लहान मुलांचा संधिवात निघाला. आमचे ते रागावणे आजही मनाला बोचते.

संधिवात म्हाताऱ्यांनाच होतो, असे आपण धरून चालतो. पण १६ वर्षांच्या आत सुरू झालेली, ६ आठवडे किंवा अधिक टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे हाच आजार. तो नजर लागून होत नाही, आंबट खाऊनही नाही.

मग होते काय? जखम झाली की शरीराच्या रक्षक पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही अशा निरोपांची नावे. काम संपले की निरोप थांबतात. या आजारात ते थांबत नाहीत. सांध्याचे आतले अस्तर सुजते, पाणी साचते. रात्रभर हालचाल नसल्याने सकाळी सांधा आखडतो आणि चालता-फिरता मोकळा होतो. म्हणूनच ती मुलगी सकाळी लंगडायची आणि दुपारी खेळायची. उपचार लांबले तर हाडांवरची कूर्चा झिजते.

वाढीच्या वयातले साधे पाय दुखणे बहुधा संध्याकाळी किंवा रात्री असते. सूज नसते आणि सकाळी मूल ठणठणीत असते. सकाळचा आखडलेपणा आणि सूज दिसली, तर तेल चोळत महिने घालवू नका. रक्तातला 'आरए फॅक्टर' निगेटिव्ह आला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. या आजाराच्या बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच असतो. डोळ्यांची तपासणीही हवीच. डोळा लाल न होता, न दुखता आत सूज येऊ शकते आणि नजर जाऊ शकते.

उपचार आहेत. मेथोट्रेक्झेट हे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच देतात. चुकून रोज दिले तर घातक ठरते. त्याने भागले नाही, तर निरोपच अडवणारी इंजेक्शने आहेत. लुधियानात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी डॉ. मार्क फेल्डमन यांनी १९९० च्या दशकात लंडनमध्ये दाखवून दिले की एकटा टीएनएफ रोखला तरी मोठ्यांच्या संधिवाताची सूज उतरते. पुढे ही औषधे मुलांनाही मिळू लागली. ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी आवश्यक असते.

सुरुवात यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवून करता येते. तिथून गरजेप्रमाणे पुढे सेवाग्राम किंवा नागपूर गाठता येते.

ती मुलगी आता औषध घेते, व्यायाम करते. सकाळी पाय आखडलाच तर खुर्चीवर बसून नमाज पढते. आजारी माणसाला तेवढी सवलत दीनने दिलेलीच आहे. वर्गात उशीर झाला तर आम्ही आता आधी विचारतो, "बेटा, आज पाय कसा आहे?"